मुलगी माझी, कागदावर आई दुसरी

माझ्या सासूने यमाला फसवायचं ठरवलं आणि फसवलं मला. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत सांगायला लागले की लोक मध्येच हसतात आणि नुकसान कोणाचं झालं तेच विसरतात.

मी सहज फसणारी बाई नाही. लग्न करून वैनगंगेच्या काठच्या या गावात आले तेव्हा नवऱ्याकडे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भातशेतीचे दोन तुकडे होते आणि माझ्याकडे जीभ होती. मी साड्यांचं गाठोडं बांधलं. चामोर्शी, घोट, मूल, गडचिरोली, जिथे आठवडी बाजार तिथे मी, एस.टी.च्या टपावर गाठोडं आणि आत मी उभी. सुरुवातीला ताडपत्रीवर बसले, मग चामोर्शीत गाळा घेतला. नागपूरचा ठोक व्यापारी मला दारात पाहिलं की म्हणायचा, "बाई, आज मीच खालचा भाव सांगतो. भांडू नका, बीपी आहे मला." अशी मी. आणि माझ्याच घरात, मी बाजेवर पडलेली असताना, माझा सौदा झाला.

माझी पहिली दोन मुलं गेली. एक आठवड्याच्या आत, दुसरं दात यायच्या आधी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूने आमच्याकडची जुनी रीत काढली. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथलं मूल जन्मल्या जन्मल्या विकून टाकायचं. मग यम आला की त्याला ते मूल त्या घराचं दिसत नाही, दुसऱ्याच्या घरचं दिसतं, आणि तो परत जातो. विकत घेणारी बाई भरल्या कुशीची हवी, तिची सगळी जगलेली हवीत. आमच्या गावात तशी एक होती. तलावाच्या पाळीवर राहणारी धिवरांची बाई. नवरा जाळं टाकायचा, ही डोक्यावर टोपलं घेऊन मासे विकायची, थंडीत शिंगाडे. पोरं इतकी की जेवायला बसली की अंगण भरायचं.

सौदा मागच्या दारात झाला. मी आतून ऐकत होते.

"पोट्टी विकाची आहे वो, घेतेस का?" सासू म्हणाली.

"दाखव त खरी. काळी आहे," ती म्हणाली. रीतच तशी आहे, मुलाला नावं ठेवायची.

"काळी त काळी. काय देशील?"

"सूपभर कोंडा देतो."

"घेऊन जा."

एवढ्यात संपलं. रीत असली तरी माझं डोकं फिरलं. पहिल्या बोलीला कोणी माल देतं का? निदान कणी तरी मागायची. मी तसं ओरडले, तर सासू म्हणाली, "चूप. जास्त मोल मागतलं त त्याले समजन का पोट्टी आवडीची आहे." त्याला म्हणजे यमाला.

धिवरीण मुलीला पदरात घेऊन स्वतःच्या उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली आणि माझ्या कुशीत ठेवून म्हणाली, "हे माझी होय बरं का. तू फक्त दूध पाज." या सगळ्याला मी होकार दिला होता. दोन मुलं पुरलेली बाई सूपभर कोंड्यासाठी वाद घालत नाही. मुलगी जगली. दर सणाला धिवरीण तिच्यासाठी झबलं नाहीतर मरळ मासा घेऊन यायची, आणि मी ठेवून घ्यायचे. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही.

नवरा तेव्हा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायचा. तिथे क्रेन शिकला आणि मुलगी रांगत असताना मस्कतला गेला. मध्ये एकदा सुट्टीवर आला, तर ती त्याला पाहून धान्याच्या कोठीमागे लपली आणि तो जाईपर्यंत जवळ गेली नाही. पुढची सुट्टी कंपनीने दिली नाही. मुलगी पहिलीत गेली. बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि एस.टी.डी. बूथवरचा आवाज. बूथवर ती त्याला "हॅलो काका" म्हणाली, तेव्हा तो पलीकडून तिला 'बाबा' म्हणायला शिकवत बसला. मीटर मात्र फिरत होतं.

त्यानंतर त्याने कंपनीच्या मागे लागून एक गोष्ट मिळवली. करार संपायच्या आत एकदा बायको-मुलीला आणता येईल, खोली कंपनी देईल, तिकीट कंपनी देईल. एकदाच. करार संपायला फार दिवस राहिले नव्हते. माझा पासपोर्ट झाला. मुलीचा करायचा, तर जन्माचा दाखला हवा. शाळेत मास्तरांनी बापाचं नाव विचारून घेतलं होतं, आईचं कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून मी पहिल्यांदा ग्रामपंचायतीत गेले.

ग्रामसेवक नवा होता. त्याने नोंदवही काढली, दाखला लिहिला, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिला. वडिलांच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव. आईच्या जागी धिवरणीचं.

मी म्हटलं, "भाऊ, हे चुकलं."

"नाई चुकलं बाई. वहीत आहे तेच उतरवलं."

"वही चुकली मग."

"वही सरकारची आहे. चुकत नाई," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "तुम्ही कोण मग?"

मी घरी आले. सासू ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मी दाखला तिच्या सुपात टाकला. तिला वाचता येत नव्हतं, पण काय आहे ते तिला लगेच कळलं. लपवायचा तिने जरासुद्धा प्रयत्न केला नाही.

"मंग? विकली म्हणजे विकली," ती म्हणाली. "तोंडानं विकाची आन सरकारात आपली लिहाची, याले काय अर्थ आहे? तो काय अडाणी आहे? तो बी वही वाचत असन."

"यम ग्रामपंचायतीत जातो?"

"तू पाह्यली का तो कुठी कुठी जाते ते? पोट्टी जगली ना? मंग?"

मी बाजारात शंभर जणींना गप्प केलं आहे, पण जगलेल्या नातीकडे बोट दाखवणाऱ्या म्हातारीपुढे काय बोलणार? मी तरी बोलले. शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. सासू डाळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी दाखला, रेशन कार्ड, लग्नाचा फोटो असं सगळं पिशवीत भरून गडचिरोलीला जिल्ह्याच्या कचेरीत गेले. पासपोर्टाचे अर्ज घेणारा कारकून तरुण होता, नीट बोलायचा. त्याने दाखला वाचला, रेशन कार्ड वाचलं, परत दाखला वाचला.

"बाई, तुमच्या मिस्टरांच्या दोन बायका आहेत का?"

"एकच आहे. ती पुढ्यात उभी आहे."

"मग ही कोण?"

"ती मासे विकते."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं तर सगळे छताकडे बघत होते. मग मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. कोंडा, सूप, यम, सगळं. तो इकडचाच होता, त्याला रीत माहीत होती. त्याच्या आत्यालाही लहानपणी विकलं होतं म्हणाला. पण आत्या कधी परदेशात गेली नव्हती.

"मला पटतं बाई. कागदाला पटवायला पाहिजे," तो म्हणाला. "नाव दुरुस्त करून आणा. त्यासाठी जिचं नाव लागलं आहे तिने शपथेवर लिहून द्यायचं, की ही मुलगी माझी नाही. एवढंच."

एवढंच. मी परतीच्या बसमध्ये खुश होते. एका अंगठ्याचं काम. मी मनात सौदाही ठरवून टाकला. एक नऊवारी, चांगल्या काठाची, आणि तिच्या मोठ्या सुनेला एक पाचवारी. फार ताणलं तर ब्लाउजपीस.

धिवरीण तलावाच्या पाळीवर शिंगाडे उकडत होती. मी साडी तिच्या मांडीवर ठेवली आणि काम सांगितलं. तिने साडीचा काठ बोटाने चाचपला, चांगली आहे म्हणाली आणि परत माझ्या हातात दिली.

"हे नाई जमत बाई."

मी पाचवारी काढली. ती मान हलवत राहिली. मी म्हटलं, "बरं, तूच सांग काय पाहिजे. मी भाव नाही करत."

"मी कुठी काय मागून राह्यली? तू सांग, मी सरकारापुढं हात वर करून म्हणू का, का हे पोट्टी माझी नाई? मंग कोणाची होय ते त्याले समजन का नाई? सहा वरसं मी तिले झाकून ठेवलं. आन तू म्हणतेस उघडी कर."

"अगं, ती रीत होती. झालं ते काम."

"लगन होईपर्यंत रीत राह्यते. लगनाच्या टायमाले तू मले लुगडं नेसवशील आन पोट्टी परत घेशील. तोवर ठेव हे लुगडं." मग तिने टोपल्यातले शिंगाडे माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाली, "समज मी अंगठा देला. आन उद्या पोट्टीले ताप आला. तवा तू कोणाशी भांडशील?"

मी त्या बाईशी तेव्हा काहीही बोलू शकले असते. अडाणी म्हणू शकले असते. बाजारात बोलते तसं बोलू शकले असते. पण उद्या ताप आला तर, या शब्दांनंतर मी टोपल्यातला शिंगाडा उचलून सोलायला लागले. मला या रीतीवर विश्वास नव्हता. आजही नाही. पण विश्वास नसणं वेगळं आणि ताप येतो का ते पाहायला मुलीला पणाला लावणं वेगळं. मी शिंगाडे खाल्ले आणि साडी घेऊन परत आले. आयुष्यात पहिल्यांदा भाव न ठरता माल परत आणला, आणि त्याचा राग मला तिच्यावर काढता येईना.

तोड तिनेच काढली. संध्याकाळी मासे घेऊन दारात आली आणि म्हणाली, "नाई म्हणासाठी अंगठा नाई देणार. होय म्हणासाठी देतो. माझी होय असं लिव, आन मी तुह्यासंग धाडतो असं लिव. त्याले लागन तेवढे अंगठे देतो."

मी कारकुनाकडे परत गेले. त्याने सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले. मग म्हणाला की कागदाप्रमाणे बोलायचं तर बरोबर आहे. आई अर्ज करते, बाप तिकडून संमती पाठवतो, आणि मुलीला सोबत नेणारी मोठी बाई म्हणजे मी. "तुमचं नातं काय लिहू?" त्याने विचारलं.

"आई लिहा."

"आई वर लिहिली आहे."

शेवटी त्याने लिहिलं, वडिलांची पत्नी. मी तो कागद चारदा वाचला. मुलगी नऊ महिने माझ्या पोटात होती, आणि तिच्या प्रवासात मी वडिलांची पत्नी.

चौकशीला पोलीस ठाण्यातून हवालदार आला. आमच्या भागात पोलीस घरी आला की गल्ली आपोआप रिकामी होते, पण त्या दिवशी उलट झालं. काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून बाया पाणी भरायचं सोडून आल्या. हवालदार खुर्चीवर बसला आणि कागद पाहत म्हणाला, "मुलीची आई कोण?"

"मी," मी म्हटलं. सवयीने.

"मी होय," धिवरीण मागून म्हणाली.

हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. "एक एक करून सांगा."

"हे दूध पाजणारी होय. आई मी होय," धिवरीण म्हणाली.

"आन बाप?"

"बाप याईचाच."

बायांच्या घोळक्यात हशा पिकला. धिवरणीचा नवरा जाळं खांद्यावर घेऊन तिथेच उभा होता. त्याला कोणीतरी म्हणालं, "पाह्य गा, तुह्या बायकोनं मस्कतवाल्याशी सोयरीक केली." तो म्हणाला, "करू दे ना. तिकडून घड्याळ आलं त मले भेटन." हवालदारही हसला आणि सही करून गेला. एक मीच हसले नाही. कारण त्या हशात मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. बाप याईचाच.

सासूने मुलगी विकली ती अख्खी विकलीच नव्हती. वहीत धिवरणीच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. बाप जसाच्या तसा ठेवला होता, आपला मुलगा. खोडली फक्त मी. यमाला घर ओळखू येऊ नये म्हणून हे सगळं केलं, मग घराचं नाव कसं राहिलं? म्हणजे यम माझ्या नावाने येत होता. दोन मुलं गेली ती माझ्या पायगुणाने, तिच्या मुलाच्या नव्हे. हे तिने कधी तोंडाने म्हटलं नाही. वहीत लिहवून ठेवलं.

पण लिहवलं कोणी? तिला तर लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि पंचायतीच्या पायऱ्या ती आयुष्यात चढली नव्हती. मी बूथवर गेले आणि मस्कतला फोन लावला.

"जन्माची नोंद कोणी केली?"

तो आधी म्हणाला आवाज येत नाही. मग म्हणाला, "मीच गेलो होतो. बुढी मागं लागली."

"बापाचं नाव तूच सांगितलं?"

"मंग काय, लेकरू बिनबापाचं लिहू का?"

"आणि बिनआईचं चाललं?"

"बिनआईचं कुठी? तिचं नाव टाकलं ना. तू काऊन चिडून राह्यली? पासपोर्ट झाला ना? या आता." फोन ठेवताना तो खुशीत होता.

आम्ही गेलो. मुंबईच्या विमानतळापर्यंत सगळी वाट मी मुलीला शिकवत होते की साहेबासमोर मला आई म्हणायचं नाही. कागदावर एक आणि तोंडात एक झालं तर तिथूनच परत पाठवतील, अशी भीती मला गावातल्या एका शिकलेल्या माणसाने घातली होती. मुलगी हुशार. एकदा विचारलं, "मंग काय म्हणू?" मी सांगितलं. खिडकीतल्या साहेबाने धिवरणीच्या अंगठ्याचं संमतीपत्र उलटंसुलटं पाहिलं, आणि वाकून तिला विचारलं, "बेटा, ये कौन है?"

"बाबाची बायको," ती म्हणाली. न अडखळता, शाळेत कविता म्हणतात तशी.

साहेबाने शिक्का मारला. आम्ही पुढे गेलो. आत खुर्च्यांवर बसलो तेव्हा तिने विचारलं, "आता म्हणू?" मी हो म्हटलं. तरी पाणी मागताना ती नुसतं "पाणी दे" म्हणाली.

मस्कतला बाप दारात उभा होता. या वेळी ती लपली नाही. त्याच्या खांद्यावर बसून ती बाहेर गेली आणि मी सामानाची गाडी ढकलत मागून. ते पाहायला मी एवढे हेलपाटे घातले होते, आणि ते झालं. ते झालं नाही असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीच मी त्याला विचारलं की माझं नाव खोडताना तुझा हात थांबला कसा नाही. तो म्हणाला, "प्रवासाची थकली आहेस, झोप." परत येईपर्यंत मी रोज विचारलं. कधी तो क्रेनच्या पाळीला जायचा, कधी मुलीला समुद्र दाखवायला. एकदा म्हणाला, "बुढीनं सांगतलं, मी लिवलं. त्यात माझं काय?"

सासू आता नाही. तिच्याशी माझा हिशेब तिच्यासोबत गेला. तिला निदान नात जगवायची होती, आणि तिने जे केलं ते मला तोंडावर सांगितलं. धिवरणीला मुलीच्या लग्नात मी लुगडं नेसवणार आहे, चांगल्या काठाचं. पण नवरा करार संपवून परत आला आहे, माझ्याच दुकानात गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकांना मस्कतच्या गोष्टी सांगतो. तो अडाणी नव्हता. यमाला वाचता येतं असं त्याला वाटत नव्हतं. दोन मुलं त्याने स्वतःच्या हाताने नदीकाठी पुरली आणि परत येताना माझा हात धरला होता. मग पंचायतीत खुर्चीवर बसून, आईचं नाव काय असं कोणीतरी विचारल्यावर, तो क्षणभरही का थांबला नाही? मुलं माझ्यामुळे मेली असं त्यालाही वाटत होतं की नाही? हो की नाही, एवढंच सांगायचं आहे. बुढी म्हणाली, हे उत्तर मी घेणार नाही. उत्तर त्याचं हवं, आणि ते त्याने मुलीसमोर द्यायचं आहे.